जपानमध्ये रेल्वे पासवर : आरक्षणाची दैनंदिनी

निघण्यापूर्वी

आपल्याकडे लांब पल्ल्याचे तिकीट आणि आरक्षण एकाच कागदावर येतात. तिकीट काढले म्हणजे डबा आणि बर्थ त्यावर छापलेले असतात, आणि नसतील तर प्रतीक्षा यादीतला क्रमांक असतो. जपानमध्ये अंतराचे भाडे वेगळे आणि जलद गाडीत बसण्याचे शुल्क वेगळे असते. परदेशी पाहुण्यांना मिळणारा ‘जपान रेल पास’ या दोन्हींची भरपाई करतो, परंतु अमुक गाडीतले अमुक आसन तो आपण होऊन देत नाही. आसन स्वतंत्रपणे मागावे लागते आणि मागितल्यावर ते विनामूल्य मिळते. पास घेऊन जाणाऱ्या बहुतेकांचा सारा गोंधळ या एका भेदापाशी होतो, म्हणून आमच्या प्रवासाची हकिकत मी आरक्षणाच्या अंगानेच लिहीत आहे.

पास घ्यावा की नाही, हा प्रश्न पूर्वी फारसा पडत नसे. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सात दिवसांच्या साध्या पासची किंमत २९,६५० येनवरून एकदम ५०,००० येनवर गेली, आणि तेव्हापासून टोकियो ते क्योतो जाऊन-येऊन एवढ्याच प्रवासासाठी पास घेणे हा सरळसरळ तोट्याचा व्यवहार झाला. आमचा बेत मोठा होता. टोकियोहून कानाझावा, तिथून क्योतो, हिरोशिमा, परत टोकियो आणि शेवटी उत्तरेला सेंदाई, अशा मार्गाची सुटी तिकिटे काढली असती तर माणशी सत्तर हजार येनच्या पुढे खर्च गेला असता. त्यामुळे पास घेण्याचे ठरले. हा पास सलग दिवसांचा असतो. मध्ये एक दिवस गाडीत पाय ठेवला नाही तरी तो दिवस मोजला जातो, म्हणून टोकियोतला मुक्काम आम्ही पासच्या आधी आणि नंतर असा दोन टोकांना टाकला.

पास दोन रीतींनी घेता येतो. प्रवासी कंपनीकडून विकत घेतल्यास एक व्हाउचर मिळते आणि ते जपानमध्ये पोहोचल्यावर पासमध्ये बदलून घ्यायचे असते; तोपर्यंत आसनांना हात लावता येत नाही. जपानच्या रेल्वे कंपन्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरून घेतल्यास मात्र घरबसल्या आरक्षण करता येते, आणि केवळ एवढ्यासाठी आम्ही दुसरा मार्ग पत्करला. आरक्षण गाडीच्या तारखेच्या एक महिना आधी, जपानी वेळेनुसार सकाळी दहा वाजता उघडते. जपानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असल्यामुळे पुण्यात तेव्हा साडेसहा वाजलेले असतात. तत्काळच्या खिडकीशी झुंजून तयार झालेल्या माणसाला ही वेळ फारच सुखाची वाटते.

सगळ्याच गाड्यांची आसने आधी घेण्याची हौस मात्र मी जाणीवपूर्वक आवरली. वहीत दोन रकाने आखले आणि ज्या गाड्यांत अनारक्षित डबाच नसतो, त्या पहिल्या रकान्यात लिहिल्या : टोकियो–कानाझावा मार्गावरची ‘कागायाकी’, त्सुरुगा–क्योतो मार्गावरची ‘थंडरबर्ड’ आणि सेंदाईकडे जाणारी ‘हायाबुसा’. आरक्षण नसेल तर पास असूनही या गाड्यांत बसता येत नाही. ‘हिकारी’, ‘साकुरा’ आणि ‘त्सुरुगी’ या गाड्यांना अनारक्षित डबे असतात, त्या दुसऱ्या रकान्यात गेल्या. पहिला रकाना घरूनच पक्का केला आणि दुसरा मोकळा ठेवला. प्रवासाची सारी मोकळीक त्या दुसऱ्या रकान्यात असते, असे माझे मत आहे. पासचा खरा उपयोगही तोच आहे.

तारखा नोव्हेंबरच्या सुरुवातीच्या होत्या. तीन नोव्हेंबरला जपानमध्ये ‘संस्कृती दिना’ची राष्ट्रीय सुटी असते आणि ती शनिवार-रविवारला लागून आली की लोक मोठ्या संख्येने घराबाहेर पडतात. त्यामुळे पहिली ‘कागायाकी’ आरक्षण उघडल्याच्या दिवशीच घेऊन ठेवली.

पास हाती घेण्याचा दिवस

टोकियो स्थानकावर पास घेताना मूळ पासपोर्ट लागतो, आणि त्यात विमानतळावर लावलेला ‘अल्पकालीन पाहुणा’ या दर्जाचा शिक्का असावा लागतो. हा पास केवळ अशा पाहुण्यांसाठीच आहे. टोकियोच्या निशी-कासाई भागात भारतीयांची, त्यात मराठी संगणक अभियंत्यांचीही, मोठी वस्ती आहे. तिथे राहणारा आमचा भाचा पुढे एक दिवस आमच्याबरोबर येणार होता, परंतु त्याच्याकडे नोकरीचा व्हिसा असल्यामुळे त्याला पास मिळणे शक्य नव्हते. “मामा, इथे राहणाऱ्याला सवलत नाही, येणाऱ्याला आहे,” असे तो हसत म्हणाला. त्यात खेदाचा सूर मुळीच नव्हता.

पास म्हणजे आपल्या जुन्या लोकल तिकिटापेक्षा थोडा मोठा, मागे चुंबकीय थर असलेला कागद असतो. हरवल्यास तो पुन्हा मिळत नाही, ही सूचना खिडकीवरच्या बाईंनी बोट ठेवून दाखवली. घरून केलेली आरक्षणे संगणकात असली तरी प्रत्येक गाडीचे आसनपत्र गाडीत बसण्यापूर्वी छापून घ्यावे लागते. आम्ही सगळी पत्रे एकदम छापली नाहीत. छापण्यापूर्वी फोनवरूनच बदल करता येतो, छापल्यावर मात्र त्यासाठी स्थानकावर जावे लागते. म्हणून फक्त दुसऱ्या दिवशीच्या ‘कागायाकी’ची दोन आसनपत्रे काढून घेतली.

खिडकीपेक्षा यंत्र बरे, हे तिथेच लक्षात आले. ‘मिदोरी नो मादोगुची’, म्हणजे हिरव्या पाटीच्या आरक्षण खिडक्या, १९६५ पासून चालत आलेल्या आहेत आणि मोठ्या स्थानकांवर तिथे लांब रांग असते. शेजारच्या यंत्रांवर इंग्रजी भाषा निवडता येते. गाड्यांची यादी समोर येते, प्रत्येक गाडीपुढे वर्तुळ असेल तर जागा भरपूर, त्रिकोण असेल तर थोड्या, फुली असेल तर एकही नाही. त्यानंतर डब्याचा नकाशा उघडतो आणि हव्या त्या आसनावर बोट ठेवायचे असते. प्रतीक्षा यादी किंवा आरएसी असा प्रकारच तिथे नाही. जागा असते किंवा नसते, आणि कोणी सोडलेली जागा तत्काळ नकाशावर मोकळी दिसू लागते. म्हणूनच फुली पाहून निराश होऊ नये. गाडी सुटण्याच्या अर्धा तास आधी पुन्हा पाहिल्यास तिचा कित्येकदा त्रिकोण झालेला असतो.

पहिला दिवस : टोकियो ते कानाझावा

फाटकातून जाताना यंत्रात फक्त पास सरकवायचा, आसनपत्र नाही. आत गेल्यावर दुसऱ्या बाजूने वर आलेला पास उचलून घेण्याची आठवण सौभाग्यवतींनी मला संपूर्ण प्रवासभर केली आणि ती योग्यच होती.

‘कागायाकी’ ही होकुरिकू मार्गावरची सर्वांत जलद सेवा आहे. उएनो, ओमिया, नागानो, तोयामा अशी मोजकी स्थानके घेत ती सुमारे अडीच तासांत कानाझावाला पोहोचते. अधिक थांबे घेणाऱ्या ‘हाकुताका’ला तीन तास लागतात. ‘हाकुताका’त अनारक्षित डबे असतात, त्यामुळे आरक्षण न मिळालेले पासधारक तिच्याकडे वळतात. त्या दिवशी फलाटावर तिच्या अनारक्षित डब्यांपुढच्या रांगा जिन्यापर्यंत गेलेल्या दिसल्या आणि महिनाभर आधी पहाटे उठल्याचे सार्थक झाले.

आसनाची बाजू आम्ही विचार करून घेतली होती. शिंकान्सेनच्या, म्हणजे जपानच्या बुलेट ट्रेनच्या, साध्या डब्यात एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला दोन आसने असतात. तीनच्या बाजूला ‘ए’, ‘बी’, ‘सी’ आणि दोनच्या बाजूला ‘डी’, ‘ई’. कानाझावाकडे जाताना ‘ए’ची खिडकी जपानी समुद्राकडे आणि ‘ई’ची खिडकी पर्वतांकडे असते. आम्ही ‘डी’ आणि ‘ई’ घेतली. वाटेत बोगदे इतके आहेत की निम्मा वेळ काचेत आपलेच तोंड दिसते, परंतु तोयामाच्या अलीकडे ताते-यामाची रांग डावीकडे उघडी झाली आणि तिच्या माथ्यावरचा नवा बर्फ दिसला, तेव्हा ‘ई’चा आग्रह धरल्याचे समाधान वाटले.

खाण्याबद्दल थोडे सांगतो. शिंकान्सेनमध्ये डबा खाणे शिष्टसंमत आहे आणि स्थानकांवरचे ‘एकीबेन’ डबे दिसायला फार सुंदर असतात, पण कट्टर शाकाहाऱ्याने त्यांच्यावर विसंबू नये, कारण भाजीही बहुधा माशाच्या सारात शिजवलेली असते. आंबट आलुबुखारासारखे ‘उमेबोशी’ घातलेला भाताचा गोळा आणि घरून नेलेल्या दशम्या यांवर आमचे उत्तम भागले.

दुसरा दिवस : कानाझावा

आज गाडी नव्हती. सलग पासचा एक दिवस असा पायी फिरण्यात घालवणे काही जणांना पटणार नाही, पण पास वसूल करण्यासाठी रोज गाडीत बसणे हा प्रवास नव्हे, शिक्षा आहे. केनरोकुएन उद्यानात एक नोव्हेंबरपासून झाडांना दोरखंडांचे शंकूसारखे आधार बांधायला सुरुवात होते. हिवाळ्यातल्या जड बर्फाने फांद्या मोडू नयेत म्हणून ही व्यवस्था असते. माळी उंच शिड्यांवर चढून ते काम करीत होते आणि आम्ही बराच वेळ तिथे उभे राहिलो.

इथे एक सावधगिरीची गोष्ट कळली. नवा शिंकान्सेन मार्ग सुरू झाला की त्याला समांतर असलेला जुना लोहमार्ग पुष्कळदा स्थानिक कंपनीकडे सोपवला जातो आणि त्या कंपनीच्या गाड्यांवर हा पास चालत नाही. कानाझावाच्या आसपास तसेच झाले आहे. जवळच्या एखाद्या गावी साध्या गाडीने जाऊन यावे असे मनात आल्यास ती गाडी कोणाची आहे हे आधी पाहावे लागते.

संध्याकाळी स्थानकावरच्या यंत्रातून उद्याच्या दोन गाड्यांची आसनपत्रे छापून घेतली.

तिसरा दिवस : त्सुरुगामार्गे क्योतो

मार्च २०२४ पर्यंत कानाझावाहून क्योतोला ‘थंडरबर्ड’ थेट जात असे. त्या महिन्याच्या १६ तारखेला शिंकान्सेन त्सुरुगापर्यंत वाढवण्यात आली, ‘थंडरबर्ड’ त्सुरुगापाशीच थांबू लागली, आणि त्याच वेळी तिचे सर्व डबे आरक्षित करण्यात आले. जुनी माहिती वाचून येणाऱ्या प्रवाशाची इथे हमखास गाठ पडते : अनारक्षित डबा शोधत तो फलाटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो आणि तो डबा आता अस्तित्वातच नसतो.

कानाझावा ते त्सुरुगा ‘त्सुरुगी’ आणि पुढे ‘थंडरबर्ड’, असा हा जोडप्रवास आहे. त्सुरुगाला शिंकान्सेनचा फलाट वरच्या मजल्यावर आणि ‘थंडरबर्ड’चा तळमजल्यावर आहे, आणि दोन गाड्यांमध्ये साधारण आठ मिनिटे ठेवलेली असतात. आठ मिनिटे ऐकून आमच्या पोटात गोळा आला होता. प्रत्यक्षात अख्खी गाडी एकाच दिशेने चालू लागते, पाट्या मोठ्या आहेत, सरकते जिने रुंद आहेत, आणि आम्ही चार मिनिटांत खाली उतरून आपल्या डब्याच्या खुणेवर उभे होतो. तरीही मोठी बॅग असेल तर ‘त्सुरुगी’तले आसन जिन्याजवळ येणाऱ्या डब्यात घ्यावे. ‘त्सुरुगी’त अनारक्षित डबे असूनही आम्ही तिचे आरक्षण घेतले ते याचसाठी, आसन मिळण्यापेक्षा आसन कुठे मिळते हे महत्त्वाचे होते.

‘थंडरबर्ड’मध्ये डावीकडची खिडकी घेतली होती. गाडी बिवा सरोवराच्या पश्चिम काठाने धावते आणि जपानमधल्या या सर्वांत मोठ्या सरोवराचे पाणी बराच वेळ त्या बाजूला दिसत राहते. उजवीकडे डोंगर आहेत. तेही वाईट नाहीत, पण सरोवर ते सरोवर. तासाभरात क्योतो आले.

बॅगांविषयीचा नियमही इथे सांगणे सोयीचे होईल, कारण पुढचा प्रवास टोकाइदो (टोकियो ते ओसाका) आणि सान्यो (ओसाकाहून पश्चिमेला जाणारा) या शिंकान्सेन मार्गांवरचा होता. त्या मार्गांवर लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज १६० सेंटीमीटरहून अधिक आणि २५० पर्यंत असलेल्या बॅगेसाठी डब्यातल्या शेवटच्या रांगेची, मागे सामानाला जागा असलेली आसने आरक्षित करावी लागतात. त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. मात्र आरक्षण न करता अशी बॅग आणली तर १,००० येन भरावे लागतात. विमान कंपन्यांची नेहमीची मर्यादा १५८ सेंटीमीटरची असल्यामुळे विमानात साधेपणाने चाललेली बॅग बहुधा या नियमाच्या अलीकडेच राहते. आम्ही तो प्रश्नच मिटवला. मोठ्या बॅगा क्योतोच्या हॉटेलातून ‘ताक्युबिन’ या सामान पोहोचवणाऱ्या सेवेने थेट टोकियोच्या हॉटेलकडे पाठवून दिल्या आणि पाठीवरच्या पिशव्यांनिशी मोकळे झालो. हा खर्च मला मुळीच जड वाटला नाही.

चौथा दिवस : हिमेजीत उतरून हिरोशिमा

क्योतोच्या फलाटावर ‘नोझोमी’ दर काही मिनिटांनी येत होती आणि आम्ही ती सोडत होतो. टोकाइदो मार्गावरची सर्वांत जलद आणि सर्वांत वारंवार धावणारी हीच गाडी, परंतु पासवर ती पूर्वी वर्ज्य होती. ऑक्टोबर २०२३ पासून वेगळे शुल्क भरून तिच्यात बसता येते : टोकियो ते क्योतो किंवा शिन-ओसाकासाठी ४,९६० येन आणि टोकियो ते हिरोशिमासाठी ६,५०० येन. ‘हिकारी’पेक्षा क्योतोपर्यंत साधारण अर्धा तास वाचवण्यासाठी दोघांचे दहा हजार येन मोजणे मला पटले नाही. तातडी असेल, किंवा वृद्ध आई-वडिलांना गाडी बदलायला लावायची नसेल, तर गोष्ट वेगळी.

‘हिकारी’त पहिले पाच डबे अनारक्षित असतात. सकाळी क्योतोहून पश्चिमेला जाताना गर्दी ओसरलेली असते, म्हणून आज मुद्दाम आरक्षणाशिवाय निघालो. फलाटावर डब्याच्या दारापाशी रेघा आखलेल्या असतात, तिथे दोन-दोनच्या ओळीत उभे राहायचे. पुढे घुसण्याचा विचारही कोणाच्या मनात येत नाही. बसायला जागा लगेच मिळाली आणि हिमेजीला उतरून गेलो. प्रत्येक ‘हिकारी’ हिमेजीला थांबत नाही, हे वेळापत्रकात पाहून घ्यावे.

पासवर वाटेत कुठेही उतरता येते. मात्र आरक्षण हवे असेल तर प्रत्येक टप्प्याचे निराळे घ्यावे लागते. हिमेजीचा पांढराशुभ्र किल्ला स्थानकातूनच समोर दिसतो. आत किती वेळ लागेल ते सांगता येत नव्हते आणि लाकडी जिने इतके उभे होते की सौभाग्यवतींनी “अहो, गाडी धरायची घाई नाही ना?” असे दोनदा विचारून घेतले. घाई नव्हतीच, कारण पुढचे आसन घेतलेच नव्हते. किल्ला पाहून, बाहेरच्या बागेत बसून, स्थानकावर परतल्यावरच यंत्रापाशी गेलो आणि वीस मिनिटांत येणाऱ्या ‘साकुरा’त दोन आसने घेतली.

‘साकुरा’च्या आरक्षणाला मात्र मी कधीही नाही म्हणणार नाही. आठ डब्यांच्या या गाडीत पहिले तीन अनारक्षित असतात आणि तिथे रांगेत पाच आसने असतात. आरक्षित साध्या डब्यांत मात्र दोन आणि दोन अशी चारच, आणि तीही ऐसपैस. इतर देशांत ज्या बसण्यासाठी जादा दर लावला असता ती इथे पासधारकाला यंत्रावरची दोन बटणे दाबून मिळते. तासाभरात हिरोशिमा आले.

पाचवा दिवस : हिरोशिमा आणि मियाजिमा

आज आरक्षणाचा प्रश्नच नव्हता. साध्या लोकलने अर्ध्या तासात मियाजिमागुची आणि तिथून दहा मिनिटांची फेरी बोट. बोटी दोन कंपन्यांच्या आहेत. रेल्वेच्या बोटीवर पास चालतो, दुसरीवर नाही. ऑक्टोबर २०२३ पासून बेटावर जाणाऱ्या पाहुण्याला १०० येनचा कर द्यावा लागतो आणि तो पासधारकांनाही चुकत नाही. दिवसाच्या काही फेऱ्यांत रेल्वेची बोट समुद्रातल्या ‘तोरीइ’च्या, म्हणजे देवस्थानाच्या कमानीच्या, जवळून जाते, म्हणून तीच वेळ साधली.

शहरातल्या ट्राम पासमध्ये येत नाहीत, पण प्रेक्षणीय स्थळांना फेरी घालणारी रेल्वे कंपनीची बस येते. शांती संग्रहालयातून बाहेर आल्यावर आम्ही त्या बसची वाट न पाहता ट्रामचे भाडे भरले. बॉम्ब पडला त्या ६ ऑगस्ट १९४५ नंतर तिसऱ्याच दिवशी या शहरात ट्रामचा एक टप्पा पुन्हा सुरू झाला होता, हे वाचलेले होते आणि तिच्यात एकदा तरी बसायचे होते.

सहावा दिवस : हिरोशिमा ते टोकियो

आजचे आरक्षण सर्वांत अवघड होते, आणि त्याला कारण भाचा. कंपनीच्या कामासाठी तो ओसाकाला आला होता आणि शिन-ओसाकाहून आमच्याबरोबर टोकियोला परतणार होता. आमचे आरक्षण पासच्या यंत्रातून, त्याचे त्याच्या फोनवरच्या ॲपमधून. दोन्हींना एकमेकांची खबर नाही. एकत्र बसायचे तर ‘ए’, ‘बी’, ‘सी’ ही तीन आसनांची ओळ घेणे सोपे होते, पण फुजी दिसतो तो ‘ई’च्या खिडकीतून. टोकियोकडे येताना ती खिडकी डावीकडे असते. मामींना फुजी पाहायचा होता आणि भाच्याला मामी हव्या होत्या.

तोडगा असा काढला. आदल्या रात्री हिरोशिमाच्या यंत्रावर आम्ही शिन-ओसाकाहून निघणाऱ्या एका ‘हिकारी’ची ‘डी’ आणि ‘ई’ आसने घेतली, डबा आणि रांग त्याला फोनवर सांगितली, आणि त्याने लगेच आपल्या ॲपच्या नकाशावर त्याच रांगेतले ‘सी’ घेतले. ‘सी’ आणि ‘डी’मध्ये फक्त चालण्याची वाट असते. वेगवेगळ्या तिकिटांवर एकत्र प्रवास करणाऱ्यांसाठी ही युक्ती उत्तम आहे, फक्त ती ज्याचे पर्याय कमी त्याने आधी करावी.

हिरोशिमा ते शिन-ओसाका ‘साकुरा’, तिथे भाच्याची भेट आणि पुढे ‘हिकारी’ने सुमारे तीन तास. ‘हिकारी’ मधल्या स्थानकांवर थांबून मागून येणाऱ्या ‘नोझोमी’ला वाट देते; गाडी जागच्या जागी हादरते आणि सोळा डबे शेजारून निघून जातात. टोकाइदो मार्गावरच्या साध्या डब्यांत येणारी खाद्यपदार्थांची हातगाडी ऑक्टोबर २०२३ अखेर बंद झाली आहे, त्यामुळे चहा-कॉफी फलाटावरूनच घेतली होती. शिझुओका मागे पडल्यावर भाचा उठून उभा राहिला. शिन-फुजी स्थानकाच्या परिसरात कमरेला ढगांचा पट्टा बांधलेला फुजी खिडकीत आला, नदीवरच्या पुलावरून तो संपूर्ण दिसला आणि पलीकडच्या ‘ए’, ‘बी’वरचे लोकही आमच्या खिडकीकडे माना वळवून पाहू लागले.

सातवा दिवस : सेंदाई आणि यामादेरा

टोकियो स्थानकावर पश्चिमेकडच्या आणि उत्तरेकडच्या शिंकान्सेन दोन वेगवेगळ्या कंपन्या चालवतात आणि त्यांची फाटकेही वेगवेगळी आहेत. उत्तरेच्या गाड्या २० ते २३ क्रमांकाच्या फलाटांवरून सुटतात. सकाळच्या ‘हायाबुसा’ची आसने महिनाभर आधीच घेतलेली होती. उत्सुनोमियाच्या पुढे ही गाडी ताशी ३२० किलोमीटर वेगाने धावते. मुंबई–अहमदाबाद मार्गासाठी हेच शिंकान्सेन तंत्र स्वीकारलेले आहे, त्यामुळे ठाणे, विरार आणि बोईसर या स्थानकांवर उद्या अनारक्षित डबे ठेवतील की नाही यावर आमची बरीच चर्चा झाली. ठेवू नयेत, असे सौभाग्यवतींचे ठाम मत पडले.

दीड तासात सेंदाई आणि तिथून साध्या गाडीने तासाभरात यामादेरा. डोंगरावरच्या या देवळाला १,०१५ पायऱ्या आहेत आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला मेपल पूर्ण लाल झालेले असतात. उतरायला अपेक्षेपेक्षा उशीर होणार हे निम्म्या पायऱ्यांवरच दिसू लागले. आमचे परतीचे आरक्षण साडेचारच्या ‘हायाबुसा’चे होते. अनारक्षित डबे असलेली गाडी चुकली तर त्या दिवशीच्या पुढच्या गाडीच्या अनारक्षित डब्यात बसता येते, पण ‘हायाबुसा’ला तो डबाच नाही. आसनपत्रे अजून छापलेली नव्हती, म्हणून वरच्या सज्ज्यावर बसूनच फोनवरून ती दोन्ही आसने सोडून दिली. हे करायला कोणी सांगत नाही आणि न केल्यास दंडही होत नाही. परंतु फुकट मिळते म्हणून चार गाड्यांत आसने अडवून ठेवायची आणि एकीत बसायचे, ही पासधारकांची सवय मला अशोभनीय वाटते. ज्या फुलीचा त्रिकोण होण्याची आपण वाट पाहतो, ती फुली अशाच कोणीतरी निर्माण केलेली असते.

सेंदाईला परतलो तेव्हा सुटीच्या गर्दीमुळे रात्री आठपर्यंतच्या सगळ्या ‘हायाबुसा’पुढे फुल्या होत्या. आम्ही ‘यामाबिको’कडे वळलो. तिला टोकियोपर्यंत सुमारे दोन तास लागतात, पण तिला अनारक्षित डबे असतात आणि काही ‘यामाबिको’ सेंदाईहूनच सुटतात. सुटण्याच्या पंधरा मिनिटे आधी फलाटावर उभे राहिलो तर रिकाम्या डब्यात हवी ती खिडकी मिळाली. मागून आलेल्या गाडीत चढणाऱ्यांना ही चैन लाभत नाही.

पास त्या रात्री बारा वाजता संपला. शेवटचा दिवस परतीच्या विमानाच्या दिवशी ठेवला असता तर नारिता एक्स्प्रेसचे माणशी तीन हजार येनच्या आसपासचे भाडे वाचले असते, असा हिशेब भाच्याने मांडला होता. पण त्यासाठी सेंदाईची फेरी सोडावी लागली असती आणि तिचेच जाण्यायेण्याचे भाडे २२ हजार येनच्या वर जाते. नारिता एक्स्प्रेसही पूर्णपणे आरक्षित असते, म्हणून टोकियोला उतरल्यावर हॉटेलकडे वळण्यापूर्वीच तिची दोन तिकिटे आसनांसह यंत्रातून काढून ठेवली.